जमा : पन्नास डॉलर

एडमंटन,
२४ डिसेंबर २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळे खुशाल आहोत. फोनवर तुम्हाला आता ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉल लावला तर तुम्ही कोपऱ्यातल्या आपल्याच चौकटीकडे बघून मिशा नीट करत बसता आणि माझं प्रत्येक वाक्य दादा तुमच्या कानात ओरडतो. आज जे सांगायचंय ते दादाच्या आवाजात अख्ख्या आळीला ऐकवण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. बऱ्याच वर्षांनी हातानं मराठी लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनानं सुधारून परत पाठवलंत तरी चालेल, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

आम्ही मिलवुड्सचं घर विकायला काढलंय. पोरगी आपल्या वाटेनं गेली, दोघांना एवढं घर काय करायचं? आणि दारातला बर्फ उपसायची ताकद यांच्या पाठीत उरलेली नाही. दोन आठवडे बेसमेंट आवरतेय. तिथली ती मागची खोली आठवते? तुम्ही जेमतेम सहा महिने राहिलात, पण आमच्याकडे ती अजून 'अण्णांची खोली'च आहे. तिथल्या कपाटाच्या वरच्या फळीवर परवा एक फाईल सापडली. पुठ्ठ्याची, नाडीची गाठ मारलेली. वर तुमच्या पावतीबुकातल्या अक्षरात लिहिलंय : 'रिबेट. प्रारंभ : ऑगस्ट २००६. समाप्ती :'. समाप्तीपुढची जागा मोकळी.

मी तिथेच खोक्यांवर बसले, अण्णा. चहा गार झाला.

तुम्हाला त्या प्रिंटरची सगळी कथा पाठ असेल. तरी माझ्या बाजूनं पुन्हा सांगते, कारण तुम्हाला ठाऊक असलेल्या कथेचा शेवट खोटा आहे.

तुम्ही मे महिन्यात आलात. जूनमध्ये इथं रात्री दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, तर दिवेलागणी नेमकी कधी करायची यावरून तुमचं आणि पंचांगाचं भांडण जुंपलं होतं. शेवटी घड्याळाचे सात प्रमाण मानून, बाहेर लख्ख ऊन असताना तुम्ही देवापुढे निरांजन लावायला लागलात. दिवसभर नदीकाठानं फिरायचात. हाय लेव्हल ब्रिजखाली उभं राहून काढलेला तुमचा फोटो गावी लांज्याला पाठवायचा होता, तोही घरी छापून. म्हणून प्रिंटर. शाळा उघडायच्या आधीचा सेल होता. जाहिरातीत हाताएवढ्या आकड्यात ९९.९९ डॉलर, आणि खाली मुंगीच्या अक्षरात, 'पन्नास डॉलरच्या मेल-इन रिबेटनंतर'. काउंटरवर मशीननं १४९.९९ दाखवले, वर सहा टक्के जीएसटी, एकूण १५८.९९.

"नव्याण्णव म्हणाले होते ना गो?"

मी समजावलं. आज पूर्ण पैसे भरायचे, मग फॉर्म भरून कंपनीकडे पाठवायचा, मग कंपनी पन्नासचा चेक धाडते. तुम्ही दुकानाच्या दारातच थांबलात. "म्हणजे आपलेच पैसे आधी घ्यायचे, मग आपणच अर्ज करायचा, मग ते आपल्याला देणार. असं का?" मी म्हटलं, इथली पद्धत आहे. "पद्धत आहे ते कळलं. का?" मला उत्तर आलं नाही. गाडीत बसल्यावर तुमचं पुढचं गणित तयार होतं : जे पन्नास परत द्यायचे आहेत, त्याच्यावरचाही कर त्यांनी आज घेतला, म्हणजे तीन डॉलर. आमच्या अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही याचं मी आठवडाभर तुमच्यापुढे कौतुक करत होते. तीन डॉलरनं ते उतरवलंत.

घरी आल्यावर फॉर्म वाचत मी म्हटलं, "अण्णा, यूपीसी लागेल." तुमचा चेहरा असा उजळला! "इथंही यूपीसी आहे?" तुम्हाला वाटलं, आपलं ते यूपीसी. पोस्टात पत्र टाकल्याचा दाखला, कागदावर तारखेचा शिक्का. नोकरीचे अर्ज, सभेच्या नोटिसा, सगळं त्या शिक्क्याच्या भरवशावर जायचं. मी खोक्यावरच्या काळ्या पट्ट्या दाखवल्या तेव्हा तुम्ही हिरमुसलात. "हे यूपीसी? हे तर फक्त मालाचं नाव सांगतं. पाठवल्याचा पुरावा कुठाय?"

अण्णा, या सगळ्या धंद्यावर इतकं अचूक वाक्य मी पुढे कधी ऐकलं नाही.

तुम्ही दाढीच्या पात्यानं ती पट्टी कापलीत. कापायच्या आधी तिच्यावरचे बारा आकडे कागदावर उतरवून घेतलेत, शेजारी पट्ट्यांचं चित्रही काढलंत, जाड-बारीक, जशाच्या तशा. तो कागद फाईलमध्ये आहे. बारकोड कापला की दुकान माल परत घेत नाही, हे मी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे आता आपण बांधले गेलो. ते मोकळेच."

मग पोस्ट. औषधाच्या दुकानात, शाम्पूच्या रांगा ओलांडून मागच्या भिंतीशी पोस्टाचा काउंटर, हे बघून तुम्हाला जे वाईट वाटलं होतं! फुलं वाहायला निघालेल्या माणसाला देऊळ गोडाउनमध्ये सापडावं, तसं. पण पाकिटावरचा पोस्टल कोड वाचताना खुललात. अक्षर, आकडा, अक्षर, आकडा. "आमच्या वेलणकरांनी नुसत्या सहा आकड्यांत अख्खा देश बसवला," असं काउंटरवरच्या पोरीला तुम्ही मराठीत सांगितलंत. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित, १५ ऑगस्ट १९७२ चा पिनकोड. ती गोड हसली आणि विचारलं, तिकीट एकच देऊ का?

तुम्ही म्हणालात, रजिस्टर कर. मी म्हटलं, पन्नास डॉलरसाठी रजिस्टर कोणी करतं का? ५१ सेंटांचं तिकीट पुरे. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. तेव्हा ऐकायला हवं होतं. ही पहिली चूक, पण हिच्यासाठी मी पत्र लिहीत नाहीये.

फॉर्मवर 'सहा ते आठ आठवडे' होतं. तुम्ही कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल केलेत. कोपऱ्यावरच्या सामायिक टपालपेटीची किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घातलीत. इथला पोस्टमन दारात येत नाही, पेट्यांच्या खांबाशी गाडी लावतो आणि जातो, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. "माणूस दिसल्याशिवाय टपाल देतात कसं?" सत्तावीस ऑगस्टला कम्युनिटी लीगच्या हॉलमध्ये आम्हा मराठी घरांचा गणपती बसला. आरतीनंतर पुलाव वाढून घेताना तुम्ही तीन जणांना विचारलंत, तुमचे रिबेट आले का? एकजण हसून म्हणाला, "अण्णा, मी फॉर्मच भरत नाही. डोक्याला ताप." दुसऱ्याचं पाकीट महिनाभर गाडीच्या डॅशबोर्डवर पडून मुदत टळली होती. तिसरीला चेक मिळाला होता, पण जाहिरातींच्या कागदांबरोबर तो रिसायकलिंगच्या पिशवीत गेला. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "तीन शिकलेली माणसं, आणि एकाचेही पैसे पोचले नाहीत. यात काहीतरी गोम आहे."

गोम होती. ती सांगतेच. आधी ते कार्ड.

ऑक्टोबरच्या मध्याला चेक यायच्या ऐवजी पोस्टकार्ड आलं. तुमचा अर्ज नामंजूर, सोबत मूळ यूपीसी नव्हता. तुम्ही ते कार्ड तीनदा वाचलंत. मग जे म्हणालात ते यांनाही अजून आठवतं. "चौतीस वर्षं पोस्टात नोकरी केली. मी पाकिटात घातलेली वस्तू पाकिटात नव्हती असं मला आजवर कोणी सांगितलं नाही."

आणि मग तुम्ही पेटलात. तुमचं इंग्रजी पत्र फाईलमध्ये आहे, 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू युवर कार्ड' पासून सुरुवात. तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही त्या परक्या कंपनीला सुनावलंय की आमच्या देशात १९८६ पासून ग्राहक संरक्षण कायदा आहे. सोबत सगळ्याच्या झेरॉक्स आणि बारकोडच्या त्या हातानं काढलेल्या चित्राची प्रत. तेव्हा मला लाज वाटली होती, अण्णा. मी ती प्रत पाकिटातून हळूच काढून घेतली होती. परवा फाईलमध्ये मूळ चित्र आणि त्याची ही प्रत अशी दोन्ही शेजारी शेजारी मिळाली, आणि तेव्हा वाटली नसेल एवढी लाज आत्ता वाटली.

दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी घरी येऊन टोल-फ्री नंबर लावायचा, स्पीकर चालू ठेवायचा आणि तुम्ही टिपण घ्यायचं. '१७ ऑक्टो., मंगळ. २० मिनिटे वाद्यसंगीत. नंतर बाई. प्रोसेसिंग चालू आहे म्हणाली.' '२४ ऑक्टो., मंगळ. ३५ मिनिटे. बाई दुसरी. असा अर्जच नाही म्हणाली. नंतर आहे म्हणाली. आणखी सहा आठवडे.' शेवटची नोंद तुमच्या विमानाच्या आदल्या रात्रीची : 'यापुढील पाठपुरावा चि. धाकटीने करणे.' त्याखाली तुम्ही पट्टीनं रकाने आखून ठेवले होते. तारीख, वेळ, कोण, काय म्हणाले. अख्खं पान. पुढचंही पान.

दोन्ही कोरी आहेत.

मी दोन फोन केले. नोव्हेंबरात एक, डिसेंबरात एक. टिपण काही ठेवलं नाही. यांनी हिशेब मांडला होता : तुझा ताशी पगार धर, आजवर गेलेले तास धर, पन्नास डॉलर कधीच वसूल झाले, तेही उलट्या दिशेनं. हिशेब बरोबर होता. आणि दर रविवारी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून फोन लावला की तुमचं पहिलं वाक्य, नमस्कार-चमत्काराच्या आधी : "काय गो, आला?"

जानेवारी २००७ चा दुसरा रविवार. बाहेर उणे तीस होतं. गाडीचा ब्लॉक हीटर लावायला विसरल्यानं सकाळीच इंजिन गोठलं होतं, पोरीला ताप होता, आणि तुम्ही म्हणालात, "काय गो, आला?"

मी म्हटलं, "आला."

अण्णा, तो चेक आला नव्हता. तो कधीच आला नाही.

तुम्ही क्षणभर गप्प होतात. मग इतक्या समाधानानं म्हणालात, "बघ. कागद चोख असले की पैसे येतात. परका देश असला म्हणून काय झालं?" मला वाटलं, सुटले. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या पैशांतून दादाकडे दोन हजार रुपये पाठवले. डॉलर तेव्हा चाळिसाच्या आसपास होता, पन्नास चोक दोनशे, हिशेब चोख. "तुमचे आहेत, तुम्ही मिळवलेत," असा निरोपही दिला. आणि तुम्ही काय करावं? धोतरजोडी नाही, चप्पल नाही. तडक पोस्टात जाऊन दादाच्या मुलाच्या नावे राष्ट्रीय बचत पत्र घेतलंत. सहा वर्षांनी आठ टक्क्यांनी त्याचे ३२०२ रुपये झाले. माझ्या खोटेपणाला भारत सरकारनं व्याज दिलं.

आणि तुम्ही ती गोष्ट गावभर सांगितलीत. एसटी स्टँडवर, पेन्शनच्या रांगेत, शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या भाषणातसुद्धा. 'कॅनडातली कंपनी आणि आमची फाईल.' मी सुट्टीत आले की ऐकायची. दर वेळी ठरवायची, आता सांगू. दर वेळी तुमच्यासमोर पाचवी-सहावीची पोरं टक लावून बसलेली असायची.

तुमच्या 'का?'चं उत्तर मला हळूहळू मिळत गेलं. या धंद्यात दोन शब्द आहेत, ब्रेकेज आणि स्लिपेज. जे फॉर्मच पाठवत नाहीत, मुदत चुकवतात, बारकोड हरवतात, ते ब्रेकेज. ज्यांना चेक मिळतो पण वटवला जात नाही, ते स्लिपेज. इथं साधा चेक सहा महिन्यांनी शिळा होतो, बँक घेत नाही. ही गळती अपघातानं होत नाही, ती आधीच धरलेली असते. किती जण कंटाळतील याचा अंदाज बांधून मग जाहिरातीत ९९.९९ छापतात. शंभर गिऱ्हाइकांना स्वस्त किंमत दाखवायची आणि थोड्यांनाच द्यायची. आपल्या गणपतीच्या पंगतीतले ते तिघे आठवा. डोक्याला ताप, डॅशबोर्ड, रिसायकलिंगची पिशवी. कंपनीच्या हिशेबात ते आधीपासून होते. तुमचे जावई आणि त्यांचा ताशी पगारही होता.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नॉरवुड यंग अमेरिका नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं रिबेटचे फॉर्म इतके यायचे की त्यासाठी वेगळा झिप कोड, पाच वेळा पाच, ५५५५५. तुम्हाला हे ऐकून मौज वाटेल, मग राग येईल. तिथल्या सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००५ मध्ये कॉम्पयूएसए या दुकानसाखळीला याच कारणासाठी धरलं होतं. एका निर्मात्यानं कबूल केलेले रिबेट दिले नव्हते, आणि ते मिळणार नाहीत हे दिसत असूनही दुकानानं जाहिरात चालूच ठेवली. त्याच वर्षी बेस्ट बाय या मोठ्या साखळीनं जाहीर केलं की गिऱ्हाइकं वैतागतात, दोन वर्षांत टपालाचे रिबेट बंद करू. आमच्या कॅनडाच्या कॉम्पिटिशन ब्यूरोनं २००९ मध्ये रिबेटच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तुमच्या फाईलनंतर तीन वर्षांनी. तुम्ही दारात उभं राहून जे विचारलंत, ते सरकारदरबारी पोचायला एवढा वेळ लागला.

पण हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगू शकले असते. पत्र लिहितेय ते वेगळ्याच आठवणीमुळे.

१९८२. मी अकरा वर्षांची. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मुंबईत अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर आणि तिकडे आपल्या वाड्यावाड्यांत चुली त्यांच्या मनीऑर्डरीवर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुमच्याबरोबर टपालाच्या फेरीला यायची. त्याआधी काय मजा असायची! तुम्ही पडवीत बसायचात, फॉर्म काढायचात, सही नाहीतर अंगठा, शाईचा पॅड, साक्षीदार, मग नोटा मोजून हातावर. खालच्या चिठोऱ्यावर मुलानं लिहिलेल्या दोन ओळी तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवायचात. कौलं परतून घ्या, गुरं विकू नका, पोराला शाळेतून काढू नका. पैसे हातात पडल्याची सही झालेली पोच परत मुंबईला जायची. पाठवणाऱ्याला कळायचं, आईला मिळाले.

संपात पिशवी हलकी झाली. तरी तुम्ही फेरी चुकवली नाहीत. वरच्या वाडीतली ती म्हातारी काकू खांबाला टेकून उभी असायची. तुम्ही अंगणातूनच, पाऊल न थांबवता म्हणायचात, "आली नाही." बस्स. मला तुमचा राग यायचा. आईनंही एकदा सुनावलं होतं, जरा गोड बोललात तर काय झिजतं? उद्या येईल म्हणावं. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "उद्या येईल म्हटलं की ती त्या भरवशावर वाण्याकडे उधारी करते. मग वाणी येऊन मला विचारतो, उद्या कधी? नाही आली तर नाही म्हणावं. म्हणजे माणूस दुसरी वाट बघतो." आणि खरंच, त्या काकूनं पावसाळ्याआधी आपली शेळी विकली. लावणीपर्यंतचं भागलं.

त्या कंपनीनं मला एकदाही सरळ 'नाही' म्हटलं नाही, अण्णा. प्रोसेसिंग आहे. आणखी सहा आठवडे. अर्ज नाही, अर्ज आहे. तुम्ही चौतीस वर्षं दारोदार ज्याला पाप समजत आलात, ते 'उद्या येईल' त्यांच्या टोल-फ्री नंबरावर रेकॉर्ड करून ठेवलेलं होतं. मनीऑर्डरीला पोस्ट वीस रुपयांमागे रुपया घ्यायचं आणि त्या रुपयासाठी तुम्हाला डोंगर चढायला लावायचं. पैसा पोचवण्याची ती मजुरी होती. इथं मजुरी पैसा न पोचण्यातून निघते.

आणि मी? मी तर तुम्हाला 'आला' म्हटलं. कंपनीनंसुद्धा एवढं खोटं सांगितलं नव्हतं. तुम्ही दुसरी वाट बघितली असतीत. आणखी एक पत्र, आणखी एक रकाना, कदाचित इथल्या कुठल्या सरकारी खात्याचा पत्ता शोधून काढला असतात. मी तुमच्या हातातला दोर काढून घेतला आणि वर दोन हजार रुपये ठेवले, गप्प बसण्याचे. त्यांना ब्रेकेज हवा होता, तो मी घरातूनच पुरवला.

तुमच्यावरही माझा एक राग आहे, तो आजच सांगून टाकते. तुम्ही मला विचारलं नाहीत. कार्डावर तुमचं नाव होतं, चेकवर कोणाचं होतं? कोणत्या तारखेचा? पाठवल्याची चिठ्ठी होती का? दुसरं कोणी असतं तर तुम्ही चार प्रश्न विचारले असतेत. 'आला' एवढ्यावर तुमच्यासारखा माणूस थांबतो कसा? तुम्हाला संशय आला होता का, अण्णा? लेकीला पकडायला नको म्हणून वहीत जमा करून टाकलंत? अठरा वर्षं हा प्रश्न माझ्या मनात आहे. उत्तर देऊ नका. नाही, द्याच.

आता एक बरी बातमी. गेल्या वर्षी ऑक्टोबरात पोरीच्या गाडीला हिवाळी टायर घेतले, चारांवर ऐंशी डॉलरचं रिबेट. आता फॉर्म मोबाइलवरून भरतात, बिलाचा फोटो चढवायचा, आणि चेकच्या जागी पैसे भरलेलं कार्ड येतं. त्यालाही मुदत असतेच. यांनी सवयीनं म्हटलं, सोड. मी नवी फाईल केली. तारीख, वेळ, कोण, काय म्हणाले. १५ नोव्हेंबरला इथल्या पोस्टाचा संप सुरू झाला, पंचावन्न हजार कामगार, १७ डिसेंबरपर्यंत एक पाकीट हललं नाही. तेव्हा फोनवर तुम्ही दादामार्फत तीनदा विचारलं होतंत, संपात त्यांना घरखर्चाला काय मिळतं? माझं कार्ड कुठल्यातरी पोत्यात अडकलं होतं आणि तरी मला त्या माणसांचा राग आला नाही, तो तुमच्यामुळे. कंपनीला मी पाच फोन केले. पाचव्याला तिथल्या मुलानं कार्डाची मुदत वाढवून दिली. जानेवारीत कार्ड आलं. ऐंशी डॉलर. फाईलवर समाप्तीची तारीख घातली आणि खूप वेळ बघत बसले.

यंदा इथल्या सरकारनं जाहीर केलंय की उरलेल्या घरांतही टपाल दारात यायचं टप्प्याटप्प्यानं थांबेल, सगळीकडे कोपऱ्यावरच्या पेट्या. तुमच्याकडे २०११ मध्ये यूपीसी गेलं, २०१३ मध्ये तार, २०१५ मध्ये जुनी मनीऑर्डर, आणि यंदा रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं. प्रत्येक वेळी तुम्ही मला बातमी दिलीत ती भावकीतलं कोणी गेल्यासारखी. मी हं हं करायची. आता कळतं तुम्ही काय मोजत होतात. पाठवल्याचा पुरावा, मिळाल्याची सही.

आज तिकडे ग्राहक दिन. शाळेत तुम्हाला बोलावलं असेल आणि तुम्ही तीच गोष्ट सांगितली असेल. पुढच्या वर्षीही सांगा, पण खरी सांगा. मुलांना सांगा की फाईल चोख होती, आकडे उतरवलेले होते, पत्रं वेळेवर गेली होती, आणि तरी पैसे आले नाहीत. ते ऐकून कोणी पोरगा विचारेल, मग एवढं कशाला केलंत? त्याला काय सांगायचं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आणि एक काम करा. तुमची जमाखर्चाची २००७ ची वही दादाला माळ्यावरून काढायला सांगा. जानेवारीच्या पानावर 'रिबेट जमा, पन्नास डॉलर' अशी नोंद असेल. खाडाखोड नको. तुमच्या पोस्टाच्या नियमानं, खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारा, शेजारी सही करा आणि आजची तारीख घाला. वर दोनच शब्द लिहा, जे तुम्ही त्या काकूला अंगणातून सांगायचात.

बाकी क्षेम. वहिनीला, दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. ते ३२०२ रुपये नातवाचे आहेत, परत पाठवू नका. पत्र रजिस्टर करतेय. सही तुमची हवी, दादाची नको.